पहिलीचं वर्ष सरत आलं: मुलीच्या शाळेचा अनुभव

जूनमध्ये मुलीला पहिलीत घातलं, आता शिमगा जवळ आलाय. शाळा गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, मराठी माध्यमाची, अनुदानित. नाव देत नाही. नाव दिलं की पुढचं कोणी वाचत नाही, नुसते वाद घालत बसतात.

आमच्या अपेक्षा साध्या होत्या: घराजवळ असावी, वर्गात मुलं मोजकी असावीत आणि बाईंना पोर नीट ठाऊक असावी. स्विमिंग पूल, रोबोटिक्स वगैरे जाहिराती बघितल्या. पण सरकारची कोडिंग-रोबोटिक्सची योजनासुद्धा सहावीपासून पुढे आहे, पहिलीच्या पोरीला काय करायचंय? एका मोठ्या शाळेत आमचीच मुलाखत झाली. शिक्षण किती, घरी इंग्रजी बोलता का. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची अशी चाळणी लावता येत नाही. फॉर्म न भरताच उठलो.

इथे वर्गात बावीस मुलं आहेत. पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक असं कायद्यात आहे, त्यामानाने बरंच. याचा फायदा कळला तो पालकसभेत. बाईंनी मार्कांचा विषयच काढला नाही. म्हणाल्या, "वाचते छान, पण फळ्याकडे बघताना मान वाकडी करते. एकदा डोळे दाखवून घ्या." चष्मा लागला. घरात आजी धरून चार मोठी माणसं, कोणालाच दिसलं नव्हतं.

गोव्यातली शाळा पारखायची तर जुलैत जावं. उन्हाळ्यात सगळ्याच इमारती चांगल्या दिसतात. इथे व्हरांड्यात रेनकोटसाठी मुलांच्या उंचीवर खुंट्या आहेत, आणि पावसाळाभर बुटांची सक्ती नाही, सँडल चालतात. कोणाला तरी ओल्या मोज्यांत पाच तास बसायचा अनुभव असणार! संडास तर जरूर बघा. घाण असेल तर मुली जायला नको म्हणून पाणीच पीत नाहीत. दुसऱ्या शाळेतल्या माझ्या भाचीची बाटली भरलेली घरी येते, आमची रिकामी. माझ्या लेखी हा निकालापेक्षा मोठा आकडा.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं आणि दुसरीपर्यंत गृहपाठ नको, असं २०२० चं राष्ट्रीय दप्तर धोरण सांगतं. पुस्तकं वर्गातल्याच कपाटात राहतात, त्यामुळे आमचं दप्तर पावणेदोन किलोच्या वर गेलेलं नाही. गृहपाठ मागणारे पालकच असतात, हे मात्र व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज दिसतं.

आमच्या घरी कोंकणी. बाईंनी सुरुवातीला गोष्ट कोंकणीत सांगून मग पुस्तकातली मराठी वाचून घेतली, म्हणून पोर बुजली नाही. दुपारची भाजी-पाव बचत गटाच्या बायका आणतात. चव बरी, भाजी कधी कधी पातळ.

एक प्रसंग सांगायलाच हवा. बाई रजेवर असताना बदली आलेल्या शिक्षिकेने एका मुलाला वर्गाबाहेर उभं केलं. मारणं तर गोव्यात २००३ च्या बालकायद्यानेच बंद आहे, पण असं उभं करणं बऱ्याच जणांना शिक्षाच वाटत नाही. मुख्याध्यापिकेने त्याच दुपारी त्याच्या आईला स्वतः फोन केला आणि दुसऱ्या दिवशी पालकांसमोर विषय ठेवला. पोरांच्या तोंडून कळायच्या आत शाळेने सांगितलं. मला शाळेकडून सगळ्यात जास्त हवं असेल तर हेच.

उणिवा आहेत. मैदान म्हणजे देवळासमोरची मोकळी जागा, जत्रेच्या दिवसांत तीही जाते. बालरथ, म्हणजे शाळेची बस, अर्धा तास उशिरा आला तरी कळवत नाहीत. इतर बाबतींत इतकी बोलकी शाळा इथे गप्प का, कोण जाणे. इंग्रजी शिकवतात ते घोकंपट्टीने: स्पेलिंगं पाठ, बोलणं शून्य. इथली शाळा चौथीपर्यंत, आणि पाचवीला हायस्कुलात गेल्यावर सगळे विषय इंग्रजीतून, त्यामुळे ही बाजू कच्ची राहून चालणार नाही. पालकसभेत मी दोनदा बोलले. आता शनिवारी अर्धा तास इंग्रजी गोष्टी वाचून दाखवायला लागलेत. चौथीपर्यंत इथेच ठेवणार. धाकट्याचा फॉर्मही इथलाच आणलाय.