स्टेथो की घड्याळ? एमबीबीएसला निघालेल्या पोरांना काय द्यावं

कॅप राउंडची, म्हणजे मेडिकल प्रवेशाची, यादी लागली की आमच्या नात्यात एक फोन ठरलेला, "अमक्याच्या पोरीला एमबीबीएस लागलं, काय द्यायचं रे?" फोन मला येतो कारण हे मी दोनदा केलंय. २०१९ ला थोरल्या भाच्याला स्टेथोस्कोप दिला आणि २०२३ ला धाकट्या भाचीला घड्याळ. मी काही डॉक्टर नाही, पाटबंधारे खात्यात कारकून आहे, पण बायको सिव्हिलला स्टाफ नर्स आहे गेली २२ वर्षं, त्यामुळे या विषयावर घरात मी बोलतो कमी आणि ऐकतो जास्त. खाली जे लिहितोय त्यातलं निम्मं तिचं आहे, चुकलं असेल तेवढं माझं.

टॅबचं आधी उरकतो कारण तो सगळ्यांच्याच डोक्यात येतो. टॅब कामाचा आहे, पोरं त्यावरच लेक्चर बघतात, नोट्स काढतात, मान्य. पण तो आईबापाने घ्यायचा खर्च आहे, मामाने नाही, आणि बहुतेक घरात तो आधीच घेऊन झालेला असतो किंवा कुठला घ्यायचा यावर भांडण चालू असतं, त्यात आपण पडू नये. पुस्तकं सीनियर्सकडून मिळतात. हाडांचा सेट पण सीनियर्सकडूनच घेतात, आणि तो गिफ्टरॅपमध्ये गुंडाळून द्यायची आयडिया आमच्या एका मेव्हण्यांनी काढली होती, ताईने सांगितलं घरात कवटी आणली तर तुम्हालाही बाहेर झोपावं लागेल. पेनसेट आणि चांदीचा गणपती यांच्याबद्दल बोलत नाही, ते येणारच आहेत.

तर राहतात दोन, स्टेथो आणि घड्याळ.

स्टेथोची बाजू आधी मनापासून मांडतो. पोरगं बॉक्स उघडतं तेव्हा जो चेहरा होतो तो दुसऱ्या कुठल्याच वस्तूने होत नाही. भाच्याने लगेच गळ्यात घातला, आजीच्या छातीला लावला, आजी म्हणाली "काय ऐकू येतंय?", तो म्हणाला "काहीच नाही," कारण छातीला लावायची बाजू उलटी फिरवून ठेवलेली होती. फोटो निघाले, देवापुढे ठेवला. लिटमनचा क्लासिक थ्री घेतला होता, तेव्हाही खिशाला जाणवला होता आणि आजही तो स्वस्त नाही, हजारांत आठ-नऊच्या घरात धरून चाला. वस्तू चांगलीच आहे, हलकं दाबलं की खालच्या पट्टीतले आवाज, जोरात दाबलं की वरच्या पट्टीतले, त्यामुळे सारखा उलटसुलट करावा लागत नाही. (ऑनलाइन निम्म्या किमतीत दिसला तर हात लावू नका, नकली माल भरपूर आहे, सिरियल नंबर बघूनच घ्या.) आणि स्वतःचा असावा याला एक खरं कारण आहे, कॉलेजचे जे कॉमन स्टेथो असतात ते शंभर जणांच्या कानात जाऊन आलेले असतात, ते कानात घालायला नको वाटतं.

पण फर्स्ट इयरला काय असतं तर अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी आणि बायोकेमिस्ट्री. स्टेथो लागतो तो फिजिओलॉजीच्या प्रॅक्टिकलला बीपी बघताना वगैरे, तेवढ्यापुरता डिपार्टमेंटचा असतो. नवीन अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून थोडंफार पेशंटजवळ नेतात हे खरं, पण रोज वॉर्डात उभं राहायचं ते सेकंड इयरपासून. भाचा २०१९ च्या बॅचचा, म्हणजे त्या नवीन अभ्यासक्रमाची पहिलीच बॅच, आणि त्यांच्या नशिबात २०२० चा मार्च होता, हॉस्टेल रिकामं झालं आणि स्टेथो डब्यासकट घरी परत आला, कपाटात स्वेटरखाली. हे नशिबाचं झालं, त्याबद्दल स्टेथोला दोष देत नाही.

दोष देतो तो पुढच्यासाठी, आणि माझ्यापुरतं सगळं तिथंच ठरलं.

स्टेथो मागून नेतात. एवढंच. वाचताना किरकोळ वाटेल, मलाही वाटलं असतं. वॉर्डातलं पोस्टिंग सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात राउंडला निघालेले रेसिडेंट सर म्हणाले "ए, स्टेथो दे रे जरा," आता सेकंड इयरचं पोरगं नाही कसं म्हणणार. तेव्हा संध्याकाळी परत मिळाला. मग बॅचमेट मागायला लागले, मग इंटर्न, आणि मी शहाणपणा करून रास्पबेरी रंगाची नळी निवडली होती, उठून दिसावी म्हणजे हरवणार नाही, तर उठून दिसल्यामुळे सगळ्यांना बरोबर आठवायचं की चांगला स्टेथो कोणाकडे आहे. तिसऱ्या आठवड्यात तो एका सरांच्या गळ्यात गेला, सरांकडून इंटर्नकडे, इंटर्नची ड्युटी कॅज्युअल्टीत लागली, तिथून कोणी नेला ते कोणालाच माहीत नाही. मागच्या बाजूला नाव कोरलं होतं, नळीला टॅग होता, काही उपयोग झाला नाही. पोराने आठ दिवस प्रत्येक गळ्याकडे बघत काढले आणि मला दोन महिने सांगितलंच नाही, फोनवर "स्टेथो कसाय?" विचारलं की "मस्त" म्हणायचा. पैशांपेक्षा ते जास्त लागलं, आपण दिलेल्या भेटीने पोराला खोटं बोलायला लावलं. शेवटी त्याने सात-आठशेचा साधा घेतला, त्यावर त्याचं सेकंड इयर निघालं, आणि तो मात्र कोणी मागितला नाही.

बायकोला सांगितलं तर ती हसली नुसती. म्हणाली "अहो, वॉर्डात पेन, कात्री आणि स्टेथो, तिन्ही सार्वजनिक मालमत्ता."

त्याच वेळी तिने स्वतःचं मनगट दाखवलं. तिचं घड्याळ कोणी मागितल्याचं तिला २२ वर्षांत आठवत नाही. मनगटाला बांधलेली वस्तू "दे जरा" म्हणून कोण काढून नेणार?

आता घड्याळ म्हटलं की लोक म्हणतात मोबाइल आहे की, टायमर आहे. त्यांनी एकदा स्वतः नाडी मोजून बघावी. एका हाताची तीन बोटं पेशंटच्या मनगटावर, दुसऱ्या हातात मोबाइल, चाळिसाव्या सेकंदाला स्क्रीन बंद, अंगठ्याने चालू करायला गेलं की आकडा विसरला, परत पहिल्यापासून. स्मार्टवॉचचं त्याहून गमतीशीर, हात स्थिर ठेवला की ते झोपतं, आणि नाडी मोजताना हात स्थिरच ठेवायचा असतो. जागं करायला मनगट झटकायचं म्हणजे पेशंटलाही वाटतं डॉक्टरीणबाईंना झटका आला. कायम चालू राहणारी स्क्रीन मिळते म्हणे, पण मग रोज चार्जिंग, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये स्मार्टवॉच बाहेरच ठेवायला लावतात. साधं आकड्यांचं डिजिटल घड्याळही भाचीने वापरून बघितलं, तिचं म्हणणं असं की मनात एकसष्ठ-बासष्ठ चालू असताना समोर बावीस-तेवीस दिसले की गडबड होते, फिरता काटा असला की वाचायला काही नसतं, नजर टाकली की झालं. हे मला पटलं, तुमच्या पोराचं डोकं वेगळं चालत असेल तर माहीत नाही.

आणि नाडी हे नुसतं एक काम झालं. श्वास मोजायला तर स्टेथो लागतच नाही, घड्याळच लागतं. त्यात सिस्टर लोकांची एक जुनी युक्ती आहे, आपला श्वास मोजतायत हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो, म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नाडीच बघतोय असं दाखवत नजर छातीवर ठेवायची आणि पूर्ण मिनिट मोजायचं. लहान पोरांत तर हाच आकडा न्यूमोनियाचा पहिला इशारा, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा वर गेला, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा वर गेला, की तो जलद धरतात. सलाइनचंही तसंच, ५०० मिलीची बाटली ८ तासांत संपवायची आणि नळीचा सेट २० थेंबांना १ मिलीवाला असेल तर मिनिटाला साधारण २१ थेंब पडायला हवेत, ते नळीवरचं चाक फिरवत फिरवत सेकंद काट्याकडे बघतच लावायचं. इंटर्नशिपपर्यंत हे सुटत नाही.

मानपानाच्या हिशेबाने बघितलं तरी घड्याळच थोरलं हो. इंग्लंडातल्या जॉन फ्लॉयर या डॉक्टरने नाडी मोजायला खास एक मिनिट चालणारं घड्याळ काढलं ते १७०७ मध्ये, आणि लेनेक या फ्रेंच डॉक्टरचा स्टेथो पॅरिसमधला १८१६ चा, तो पण सुरुवातीला कागदाची सुरळी. (आमच्या आजोळचे वैद्य घड्याळाशिवाय नाडी बघायचे आणि काल काय खाल्लं ते सांगायचे, ते शास्त्र वेगळं, त्यात पडत नाही.)

घड्याळ घेताना मात्र मी एक चूक केलीच, ती तुम्ही करू नका. पहिलं आणलं ते दिसायला एकदम रुबाबदार, मोठ्या डायलमध्ये तीन छोट्या डायल, साडेचार हजार मोजले. बायकोने हातात घेतलं, कानाला लावलं, म्हणाली "अहो, ह्याचा सेकंद काटा हलतच नाहीये." तर त्या प्रकारात मधला मोठा काटा बटण दाबलं तरच पळतो, ते स्टॉपवॉच असतं, आणि खरा चालणारा सेकंद काटा खालच्या छोट्या डायलमध्ये, मुंगीच्या पायाएवढा. दुसऱ्या दिवशी दुकानदाराच्या हातापाया पडून बदललं. मग घेतलं ते कॅसिओचं साधं, रबरी पट्ट्याचं, दीड हजाराच्या आत, पांढरी डायल, काळे ठसठशीत आकडे, मधोमध सेकंद काटा आणि कडेला साठही रेघा. पट्टा चामड्याचा घेऊ नका, वॉर्डात हात शंभरदा धुतात, चामडं भिजतं, वास मारतं, आणि त्यावर काय काय उडतं ते जेवताना सांगण्यासारखं नाही. रेडियमचे काटे मिळाले तर उत्तम, नाइट ड्युटीला कामाला येतात.

आता घड्याळाच्या विरुद्ध जे आहे तेही सांगतो, नाहीतर म्हणाल मामा दुकान चालवतो. एक म्हणजे फोटोत मजा नाही. भाचीने बॉक्स उघडला तेव्हा "छान आहे मामा" म्हणाली, त्या सुरात जरा "एवढंच?" होतं, मी ऐकलं आणि गप्प बसलो. दुसरं, ऑपरेशन थिएटरमध्ये ते काढूनच जावं लागतं. इंग्लंडात तर २००७ पासून पेशंटजवळ कोपराखाली काहीच नको असा दंडक आला, मनगटी घड्याळसुद्धा नाही, तिथल्या सिस्टर छातीशी उलटं टांगलेलं घड्याळ लावतात. जंतूंचा मुद्दा खरा आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, एवढंच की रबरी पट्टा साबणाने धुता येतो आणि स्टेथो पुसताना मी फारसं कोणाला बघितलं नाही. तिसरं, घड्याळाने हृदय ऐकू येत नाही, हे उघड आहे. सेकंड इयरला स्वतःचा स्टेथो लागणारच, तो टळत नाही.

पण तो तेव्हा घ्यावा, पोराला स्वतःला कळायला लागल्यावर, कुठला हवा ते. घड्याळातून उरलेले पैसे मी ताईकडे दिले होते भाचीच्या नावाने, पोस्टिंग लागलं तेव्हा तिने त्यात थोडे घालून काळ्या नळीचा, चारचौघांसारखा घेतला, आणि भावाची कथा ऐकलेली असल्यामुळे मागायला कोणी आलं की त्याच्या मागे मागे स्वतः जाते.

"एवढंच?" चं काय झालं तेही सांगतो. भाची अंबाजोगाईला गेली, फिजिओलॉजीच्या पहिल्या-दुसऱ्या प्रॅक्टिकलला सगळ्यांनी एकमेकांची नाडी मोजायची होती, मोबाइल बॅगेत ठेवायला सांगितलेले, आणि त्यांच्या टेबलवर काटेवालं घड्याळ हिच्या एकटीच्या हातात. मग ही "स्टार्ट" म्हणायची, सगळं टेबल मोजायला लागायचं, मिनिट झालं की "स्टॉप". घड्याळ सगळ्यांनी वापरलं आणि तिच्या मनगटावरून हललं नाही.

फक्त दुकानातून निघायच्या आधी नवीन सेल टाकून घ्या. शोकेसमध्ये ते किती दिवस चालत उभं होतं देव जाणे. आम्ही टाकला नाही, आणि चौथ्या महिन्यात भाचीचा फोन, "मामा, मैत्रिणीची नाडी मोजत होते, १४० झाले तरी मिनिट संपेना, सगळे घाबरले, मॅडम धावत आल्या, बघतायत तर काटा जागच्या जागी थरथरतोय."