फ्लिपर रिबिल्ड किट घ्यावं का? घ्या, पण कॉइलला उगाच शिव्या घालू नका

आमच्या बेसमेंटात विल्यम्स कंपनीचं व्हर्लविंड नावाचं पिनबॉल मशीन आहे, १९९० चं, पॅट लॉलरचं डिझाईन, तेच ते प्लेफील्डवर (बॉल पळतो त्या फळीवर) फिरणाऱ्या तीन चकत्या आणि डोक्यावर खराखुरा पंखा असलेलं. इथे शिकागोकडे जुनी पिनबॉल मशीन सापडणं काही नवल नाही, विल्यम्स, बॅली, गॉटलिब सगळे इथलेच, पण सापडतात ती बारमध्ये वर्षानुवर्षं बडवून पार खिळखिळी झालेली. आमच्याचे खालचे दोन्ही फ्लिपर (बटण दाबलं की बॉलला फटकावणारे हात) इतके मरगळलेले की बॉल रॅम्प अर्धा चढायचा आणि निवांत परत यायचा. ज्याला विचारावं तो म्हणणार कॉइल बदल. अरे पण कॉइल म्हणजे वीज गेली की चुंबक होऊन फ्लिपर हलवणारी तांब्याच्या तारेची गुंडाळी, ती म्हातारी होऊन कमजोर पडत नाही, बहुतेक वेळा आजूबाजूचं सामान झिजलेलं असतं, आणि नेमकं तेच या किटमध्ये येतं म्हणून मागवलं.

दोन फ्लिपरचं किट पन्नासेक डॉलरच्या आत मिळालं. आत काय, तर प्लंजर (कॉइलच्या आत सरकणारी लोखंडी सळी) आणि तो फ्लिपरला जोडणारी लिंक, नायलॉनच्या स्लीव्ह (प्लंजर ज्यात पळतो त्या नळ्या), कॉइल स्टॉप (प्लंजर ज्यावर आपटून थांबतो तो), बुश (फ्लिपरचा दांडा ज्यात फिरतो ते), स्प्रिंग आणि ईओएस म्हणजे एंड ऑफ स्ट्रोक स्विच. कॉइल नाही, आणि नाही तेच बरं.

जुनं उघडलं तेव्हा कळलं खरं दुखणं. आधीच्या मालकाने शिलाई मशीनला सोडतात तसं तेल सोडलेलं! त्यात लोखंडाची धूळ मिसळून स्लीव्हच्या आत काळा चिकट राडा झालेला, बोट घातलं की बोट काळं. आपल्याकडे काहीही अडलं की तेल घाल ही सवय असते ना, ती इथे साफ चुकीची, फ्लिपरचा प्लंजर नायलॉनच्या स्लीव्हमध्ये कोरडाच पळायला हवा. डब्ल्यूडी-४० तर अजिबात नको, ते धूळ धरतं आणि वर जळाऊ, शेजारी ठिणग्या उडणारा स्विच. मी ९१ टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या बनियनचं फडकं घेऊन ब्रॅकेट, क्रँक (प्लंजरची ओढ फ्लिपरच्या दांड्याला देणारा भाग) सगळं पुसून काढलं. जुना प्लंजर हातात घेऊन बघा, स्टॉपवर आपटून आपटून त्याचं टोक छत्रीसारखं पसरलेलं असतं, ती पसरलेली कडा दर फटक्याला स्लीव्ह खरवडते. नवीन स्लीव्हमध्ये प्लंजर सोडला की सरकन खाली जातो, त्या एका गोष्टीसाठी सुद्धा पैसे वसूल. (जुनी स्लीव्ह कॉइलमधून निघतच नसेल तर कॉइल तापून प्लास्टिक वितळलंय, मग मात्र कॉइल बदलाच.)

ईओएस स्विचबद्दल थोडं जास्त लिहितो कारण इथेच लोक फसतात. या काळच्या मशीनमध्ये फ्लिपर कॉइलला दोन वाइंडिंग (तारेचे वेढे) असतात, एक दणका देणारं आणि एक फ्लिपर वर धरून ठेवणारं. स्विच आधी बंद असतो म्हणजे जोडलेला, फ्लिपर पूर्ण वर गेला की तो उघडतो आणि करंट कमी होतो. त्याचे पॉइंट काळे पडले की फ्लिपर दमतो, आणि वेळेवर उघडलाच नाही तर बटण दाबून धरल्यावर कॉइल भाजून निघते. हे पॉइंट टंगस्टनचे, बारीक कानस मारून साफ केले तरी चालतात. पण १९९२ पासूनच्या फ्लिपट्रॉनिक्सवाल्या (फ्लिपर इलेक्ट्रॉनिक सर्किटने चालवणाऱ्या) मशीनमध्ये उलटं, तिथे स्विच आधी उघडा असतो आणि पॉइंटवर सोन्याचा मुलामा, त्याला कानस लावली की गेला, त्याच्यामधून नुसतं व्हिजिटिंग कार्ड ओढायचं. किटही दोन वेगवेगळी येतात, ऑर्डर करताना मशीनचं नाव आणि वर्ष दोन्ही बघूनच घ्या.

बसवायला तसं अवघड नाही, नवशिक्याची मात्र एक अख्खी दुपार जाईल. प्लग काढा (नुसतं स्विचवर भागवू नका, फ्लिपरला ५० व्होल्ट असतात), बॉल बाहेर काढा आणि मगच प्लेफील्ड उचला, नाहीतर ८० ग्रॅमचा लोखंडी गोळा कुठेतरी काचेवर नाहीतर पायावर. खोलण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, वायरींचे रंग नंतर आठवत नाहीत. क्रँक घट्ट करताना बुशवर दाबून बसवू नका, फ्लिपरची बॅट वरखाली किंचित हलायला हवी, नाहीतर सगळं नवीन घालूनही फ्लिपर जड तो जडच. आणि दोन्ही बाजू एकदमच करा, एक नवा एक जुना ठेवला तर हाताला ते सतत जाणवत राहतं.

आता बॉल रॅम्पवरून असा सुसाट जातो की मुलगा म्हणतो बाबा हे दुसरंच मशीन आहे. तक्रारी दोन. माहितीपत्रक म्हणून एक चिटोरं, त्यावरचं चित्र भिंग लावून बघावं लागतं. आणि कॉइल स्टॉपचे स्क्रू एका बाजूचे आलेच नव्हते, दुकानाला मेल केला, उत्तर नाही, शेवटी जुनेच धुऊन निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावून बसवले, अजून तरी ढिले झालेले नाहीत. पुढच्या वेळी किट याच प्रकारचं घेईन, दुकान दुसरं.