पोर्तुगीज कागद काढून देतो म्हणणाऱ्याला घरची फाईल देण्याआधी

ज्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीत आजोबांच्या काळचे पोर्तुगीज कागद पडून आहेत आणि ज्यांच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या सातबाऱ्यावर, अजून त्या आजोबांचंच नाव आहे, अशा गोव्यातल्या आणि गोव्याबाहेर गेलेल्या लोकांसाठी हे लिहितेय. असे लोक थोडे नाहीत. वाटणी व्हायची आहे, इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातला वारसावाटणीचा अर्ज, घालायची आहे, भाऊ मुंबईला, बहीण पुण्याला, चवथीला भेटलो की बोलू, असं म्हणता म्हणता दोन पिढ्या जातात. फसवणारा नेमका अशीच घरं हुडकत असतो.

माझं माहेर पेडणे तालुक्यातलं. गावात जुनं घर, मागे थोडे माड आणि वर डोंगराला काजूचं भाट, म्हणजे बागायत. बोंडूंच्या, म्हणजे काजूच्या फळांच्या, दिवसांत तेवढी माणसं वर जायची, एरवी गुरांशिवाय तिकडे कोणी फिरकत नसे. मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाला, पण पेडण्याच्या डोंगरांना भाव त्याआधीच आला होता. परराज्यातल्या गाड्यांतून लोक उतरायचे आणि आमच्या कातळाचे फोटो काढून जायचे. आजोबांना जाऊन तीन दशकं उलटली तरी कब्जेदाराच्या रकान्यात नाव त्यांचंच.

तो माणूस जमिनीसाठी आलाच नव्हता. तो आला पासपोर्टसाठी. माझ्या मुंबईच्या चुलतभावाला मुलासाठी पोर्तुगीज नागरिकत्व हवं होतं. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्या माणसाचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवता येतो आणि त्या आधारावर पुढच्या पिढीला अर्ज करता येतो, हे गोव्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हे काम करून देणारे म्हापशात, पणजीत, मडगावात गल्लोगल्ली भेटतात. काम कायदेशीर आहे आणि ते नेकीने करणारेही पुष्कळ आहेत. हा त्यांच्यातलाच एक वाटला. स्वतःला कन्सल्टंट म्हणवायचा, माझ्या काकांशी घरच्यासारखा कोंकणीत बोलायचा. "तुमी कांयच भिवपाची गरज ना काका, थंय आपलो मनीस आसा." तो आपला माणूस कोण आणि कुठल्या टेबलावर, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याने मागितलेले कागद असे: आजोबांचा जन्मदाखला आणि मृत्यूदाखला, आजी-आजोबांच्या लग्नाची नोंद, सगळ्या मुलामुलींचे जन्म, कोण कुठे दिलं, कोण वारलं, वंशावळ, आणि "नावाचं स्पेलिंग जुळवायला" म्हणून पेटीत असतील ते सगळे जुने दस्त. स्पेलिंगचं कारण पटण्यासारखंच होतं. पोर्तुगीज लेखनिकांनी आपल्या नावांची काय दशा केलीय ते पाहणाऱ्यालाच कळेल. नाईकाचा 'नायक' होतो, कृष्णाचा 'क्रिस्ना', आणि एकाच बापाचे दोन मुलगे दोन वेगळ्या आडनावांनी नोंदलेले असतात. त्यामुळे 'हा आणि तो एकच' अशी प्रतिज्ञापत्रं गोव्यात रोज होतात.

आता मुद्द्याचं सांगते. नागरिकत्वाच्या फायलीला जे कागद लागतात, तेच कागद तुमची जमीन लाटायला लागतात. मूळ मालक कोण, कधी मेला, वारस किती, कोण परदेशी आहे, कोण लक्ष घालणार नाही, जमिनीचा जुना वर्णन नंबर काय. चोराला हे सगळं शोधायचं तर वर्षं जातील. आपण ते फोल्डरमध्ये लावून, वर चहा देऊन त्याच्या हातात ठेवतो.

त्याच्या जोडीला त्याने काकांकडून एक पॉवर, म्हणजे कुलमुखत्यारपत्र, करून घेतली. तोंडी सांगितलं की दाखले मिळवण्यापुरती आहे. इंग्रजी मसुद्याच्या दुसऱ्या पानावर मात्र महसुली अधिकाऱ्यांपुढे हजर राहणे, निवेदने देणे, ना-हरकत देणे, तडजोड करणे, सगळं होतं. हप्त्याहप्त्याने 80,000 रुपये घेतले. पावती मागितली की म्हणायचा, सरकारी फीची पावती काम झाल्यावर एकदम येते. हे धादांत खोटं. सरकारी काउंटरवर पैसे भरले की पावती तिथल्या तिथे हातात पडते. न पडली तर ते पैसे सरकारला गेलेलेच नसतात.

आणि तरीही त्याने पहिलं काम चोख केलं. आजोबांच्या जन्मनोंदीची खरीखुरी प्रमाणित प्रत आणून दिली. काकांचा विश्वास तिथेच बसला. मग पाऊस, मग चवथ, मग 'लिस्बनला सुट्ट्या आहेत', आणि मग फोन बंद.

पुढचं कळलं ते पोस्टमनच्या कृपेने. मामलेदार कार्यालयाची म्युटेशनची, म्हणजे उताऱ्यावरचं नाव बदलण्याची, नोटीस निघाली होती, अर्थात आजोबांच्या नावाने, बंद घराच्या पत्त्यावर. कायद्याने नोटीस उताऱ्यावरच्या माणसाला जाते. तो माणूस जिवंत आहे की नाही हे उताऱ्याला माहीत नसतं. पोस्टमनने ती परत न पाठवता शेजारच्या काकींना दाखवली आणि काकींनी फोटो काढून पाठवला. भाट कोणा तिऱ्हाइताच्या नावावर चढवण्याचा अर्ज होता. म्हणे त्याच्या आजोबांनी आमच्या आजोबांकडून 1949 साली विकत घेतलं होतं.

वकिलांमार्फत फायलीची पाहणी केली. आत काय निघावं? 1949 च्या विक्रीदस्ताची 'प्रमाणित प्रत', तिचं इंग्रजी भाषांतर, आमचीच वंशावळ, आजोबांचा तोच मृत्यूदाखला जो आम्ही पासपोर्टसाठी दिला होता, आणि काकांच्या पॉवरवर सही केलेलं वारसांचं ना-हरकत पत्र. त्यात एकाही आत्याचं नाव नाही. गोव्याच्या दिवाणी कायद्यात मुली मुलांइतक्याच वारस असतात. ना-हरकतीवर फक्त पुरुषांची नावं दिसली की तिथेच थांबून प्रश्न विचारावा.

दस्त वाचून दिला तो लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या शाळेत, शिकलेल्या एका वयोवृद्ध वकीलबाबांनी. त्यांनी चष्मा सावरून पहिलं वाक्य म्हटलं, "हा माणूस पोर्तुगीज शिकलाय, पोर्तुगीज राज्य शिकला नाही." मग एकेक काढून दाखवलं. किंमत इश्कुदांत लिहिली होती. गोव्यात 1949 साली चलन होतं रुपिया. इश्कुद आला 1958-59 च्या सुमाराला, एका रुपियाला 6 इश्कुद या दराने. दस्तात भाटाचा सर्व्हे नंबर आणि पोटविभाग होता. आज एक-चौदावर दिसतात ते सर्व्हे नंबर 1968 च्या जमीन महसूल संहितेनंतर झालेल्या मोजणीतले. 1949 च्या नोटरीला ते स्वप्नात दिसले असते तरच लिहिले असते. त्या काळच्या दस्तात भाटाचं नाव असतं, चतुःसीमा असतात, मात्रीझचा, म्हणजे जमीनकराच्या नोंदवहीचा, नंबर असतो, आणि जमीन नोंदणी कार्यालयातल्या बी बुकातला वर्णन नंबर असतो. बनवणाऱ्याचीही अडचण समजण्यासारखी आहे: सर्व्हे नंबर घातल्याशिवाय त्याचा जुना कागद आमच्या नव्या उताऱ्याला चिकटत नव्हता. शिवाय आजी तेव्हा हयात असून दस्तात तिचं नाव नाही. स्थावर विकताना बायकोची संमती घ्यायची ही तिथली रीत. जुना नोटरी हे विसरेल हे वकीलबाबांना पटेना.

सगळ्यात मोठी खूण मात्र पानांची. प्रतीवर लिहिलं होतं, बुक अमुक, पान 46 ते 47. पोर्तुगीज नोटरीच्या बुकात पानांना नंबर नसतातच. नंबर असतो पत्राला, म्हणजे फोलिओला, आणि मागच्या बाजूचा उल्लेख 'व्हेर्सु' म्हणून येतो. ही बुकं ज्या शिस्तीने ठेवलेली आहेत ती पाहून मी थक्क झाले. बुक सुरू करताना पहिल्या पत्रावर अधिकारी लिहितो की हे बुक कशासाठी, शेवटी लिहितो की यात एकूण इतकी पत्रं आहेत, आणि प्रत्येक पत्रावर नंबर आणि त्याची छोटी सही. मधलं पत्र फाडलं तर कळतं, बाहेरचं घुसवलं तरी कळतं. गोव्याचा पुराभिलेख 1595 साली दिओगु द कोउतुच्या देखरेखीखाली सुरू झाला, पुढे 1930 च्या दशकापासून पांडुरंग पिसुर्लेंकरांनी तो सांभाळला. चार शतकांच्या त्या सवयी कागदात मुरलेल्या आहेत. आजच्या आपल्या सुतळीने बांधलेल्या फायलींत, जिथे कोणीही मधोमध एक कागद सरकवून पंच मारू शकतो, यातलं काही उरलेलं नाही. हे माझं मत आहे आणि रेकॉर्ड रूमची हवा खाल्लेल्या कोणालाही ते पटेल.

आम्ही अर्ज करून मूळ बुक पाहिलं. त्या फोलिओवर भलत्याच गावच्या शेताचा, भलत्याच माणसांचा दस्त होता. शाई उडालेली, कडा कसरीने खाल्लेल्या, पण सलग आणि शाबूत. म्हणजे बुकात कोणी हात घातला नव्हता. प्रत बाहेरच बनवली होती, शिक्क्यासकट. मग माहिती अधिकारात विचारलं की ही प्रत कोणाच्या अर्जावर, कुठल्या तारखेला, कुठल्या पावतीवर दिली. कायद्याने उत्तराला 30 दिवस असतात. उत्तर आलं: असा अर्ज नोंदवहीत नाही. आमच्या बाजूने याहून उपयोगी कागद दुसरा नाही. भाषांतर खोटं की खरं यावर वाद घालता येतो, हस्ताक्षरावर तज्ज्ञ भांडतात, पण प्रत दिली असेल तर अर्ज असतोच आणि पावती असतेच.

लोक विचारतात, चोराला इतका जुना दस्त कशाला हवा, सरळ मागच्या वर्षीचा का बनवत नाही? कारण कायदा. 30 वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून पुढे आला तर त्यावरच्या सह्या खऱ्या आहेत असं न्यायालय धरून चालू शकतं. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम 90 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 92 मध्ये आहे. साक्षीदार मेलेले, नोटरी मेलेला, उलटतपासणी कोणाची घेणार? ही सवलत मूळ दस्ताला आहे, नुसत्या प्रतीला नव्हे, हे आमच्या वकिलांनी पहिल्या सुनावणीतच मांडलं. आणि म्युटेशनची घाई कशाला, तर नाव एकदा उताऱ्यावर चढलं की महसूल संहितेच्या कलम 105 प्रमाणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ती नोंद खरी मानली जाते. म्युटेशनने मालकी मिळत नाही हे खरं, पण कोर्टाच्या पायऱ्या कोणी झिजवायच्या हे त्याने ठरतं.

हा उद्योग आमच्यापुरता नाही. जमीन हडपण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की 2022 मध्ये सरकारला पोलिसांचं विशेष तपास पथक नेमावं लागलं आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही. ज्यांचे वारस परदेशी आहेत किंवा मालक कधीच वारलेत, अशाच जमिनी त्यात सापडत गेल्या.

म्हणून सांगते, कुणाला काही काढायचं असेल तर स्वतः काउंटरवर जा. रांग लावा, अर्ज स्वतःच्या नावाने करा, पावतीचा फोटो काढून ठेवा. मूळ कागद कुणालाही देऊ नका; झेरॉक्स द्यायची तर तिच्यावर आडवं लिहा की 'फक्त नागरिकत्व अर्जासाठी', तारीख घाला, सही करा. पॉवर द्यावीच लागली तर मसुदा तुमच्या वकिलाने लिहिलेला हवा आणि 'महसूल' हा शब्द त्यात कुठे आहे का ते पाहा. एक-चौदा ऑनलाईन फुकट दिसतो. चवथीला घरचे जमतात तेव्हा एकाने मोबाईलवर सगळे सर्व्हे नंबर उघडून पाहिले तर गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधून होईपर्यंत काम उरकतं. आणि वारसांची नावं लावून घ्या, म्हणजे नोटीस निघाली तर ती जिवंत माणसाच्या हातात पडेल. वाद नसेल तर वारसा दस्त करून ते होतं. वाद असेल तर इन्व्हेंटरी, जिला वेळ लागतो आणि खर्चही, पण घालाच.

आम्ही मुदतीत हरकत घेतली, काकांची पॉवर रद्द केल्याचा दस्त केला, त्याची प्रत मामलेदारांना आणि सब-रजिस्ट्रारला दिली, वर्तमानपत्रात नोटीस छापली आणि पोलिसांत तक्रार दिली. आजी-आजोबांच्या लग्नाची मूळ नोंद आणि दोन जुने दस्त अजून त्याच्याकडेच आहेत. पैशांची आशा सोडली आहे.

वर्तमानपत्रातली ती नोटीस वाचून बार्देशातल्या एका कुटुंबाचा फोन आला. त्यांच्याही जमिनीवर 1949 चा दस्त निघाला आहे, खरेदीदार वेगळा, विकणारा वेगळा, पण बुक तेच आणि पान 46 ते 47 तेच. आता दोन्ही प्रती एकाच तक्रारीला जोडल्या आहेत. त्यांची हरकत दाखल झाली आहे, आमची पुढची तारीख शिगम्यानंतरची आहे.