रक्तवाढीच्या लाल गोळ्या: तिसऱ्या महिन्यापासून लेक चौदा महिन्यांची होईपर्यंत

उपकेंद्रातून लाल गोळ्यांची पहिली पाकिटं हातात पडली तेव्हा मला तिसरा महिना संपत आला होता. आज लेक चौदा महिन्यांची आहे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने मी त्या घेतल्या, आता तिचं लोहाचं सिरप चालू आहे. एवढ्या दिवसांनंतर मनापासून सांगते, सरकारी गोळी चांगली आहे. पण कशी घ्यायची ते कुणी सांगितलं नाही तर ती वाया जाते. माझे पहिले अडीच महिने असेच वाया गेले.

चौदाव्या आठवड्यात माझं हिमोग्लोबिन ८.९ भरलं. गरोदर बाईचं ११ तरी हवं. उपकेंद्रात त्या दिवशी लसीकरणाची गर्दी होती. पिशवीत लाल गोळ्या आणि कॅल्शियमच्या पांढऱ्या गोळ्या पडल्या, "रोज घ्यायच्या" एवढंच कानावर आलं. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. कॅल्शियमच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सोबत ड जीवनसत्त्व. मी दोन्ही एकदम घ्यायचे, सकाळी पोह्यांवर, चहाच्या घोटाबरोबर. तासाभरात मळमळ सुरू. मग एक दिवस घेतली, दोन दिवस राहिली, असं चाललं. चोविसाव्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासलं तर ८.४. जिना चढताना धाप लागायची, पाणी भरताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि मला वाटायचं दिवस गेल्यावर असंच असतं.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असते, तिथे एक सिस्टर भेटल्या. बाकीचे "गोळ्या घेतेस ना?" असं विचारायचे आणि मी मान हलवायचे. त्यांनी विचारलं, "कशाबरोबर घेतेस?" मी चहा म्हणाले. त्यांनी पेन काढलं आणि माझ्या कार्डाच्या मागच्या कोऱ्या जागेत लिहून दिलं: दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर पांढरी, लाल गोळी जेवणानंतर दोन तासांनी, चहा-दूध लांब. कॅल्शियम आणि लोह एकत्र पोटात गेले की लोह नीट शोषलं जात नाही. चहातलं टॅनिनही लोहाला अडवतं. लिंबू, पेरू, आवळा यांतलं क जीवनसत्त्व मात्र मदत करतं. रक्त इतकं कमी म्हणून त्यांनी लाल गोळ्या दिवसाला दोन केल्या. एक मी सकाळी साडेदहाला लिंबूपाण्याबरोबर घ्यायचे, दुसरी रात्री साडेदहाला झोपताना. रात्रीच्या गोळीची मळमळ झोपेतच निघून जायची. जंताची गोळीही त्याच दिवशी समोर घ्यायला लावली. पोटात जंत असतील तर वरून कितीही लोह घाला, रक्त भरत नाही.

महिन्याने ९.५. छत्तिसाव्या आठवड्यात ११.२. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

त्रास झालाच नाही असं नाही. बद्धकोष्ठता झाली. पाणी वाढवलं, रोज एक पेरू आणि पालेभाजी ठेवली, तेव्हा पंधरा दिवसांत सुसह्य झालं. शौचाला काळी होते, पहिल्यांदा बघून मी घाबरले होते. लोहाच्या गोळ्यांनी तसं होतंच. सासूबाईंना मात्र वेगळीच काळजी होती, त्या गोळ्यांनी पोर काळं निपजतं म्हणे. सिस्टर त्यांना म्हणाल्या, "मावशी, काळं होतं ते शौचाला. बाळ नाही." त्या दिवसापासून रात्री गोळीची आठवण सासूबाईच करायला लागल्या.

एक गोष्ट मात्र माझ्या हातून सुटली. फॉलिक ॲसिडची छोटी गोळी खरं तर दिवस राहण्याआधीपासून हवी. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या २८ दिवसांतच बंद होते, आणि ती नीट बंद व्हायला फॉलिक ॲसिड लागतं; तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. मी सातव्या आठवड्यात सुरू केली. लेक सुखरूप आहे, पण जिला मूल हवं आहे तिने डॉक्टरांना विचारून आधीच सुरू करावी, अशी माझी कळकळ आहे. आणि या जीवनसत्त्वाचा माग मुंबईतच लागला होता. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर इथे आल्या, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायांचं रक्त का कमी होतं ते शोधायला. यीस्टपासून केलेल्या, पावाला लावायच्या मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थाने त्या बाया बऱ्या होतात, हे त्यांना दिसलं. त्यातला गुण देणारा घटक म्हणजे फॉलेट, हे पुढे कळलं. माझी पणजी परळच्या चाळीत बाळंत झालेली, तिच्यासारख्याच त्या बाया. हे वाचलं तेव्हा हातातल्या गोळीकडे मी वेगळ्याच नजरेने बघितलं.

एका खासगी दवाखान्यात मला ताकदीच्या पावडरचा साडेसहाशे रुपयांचा डबा लिहून दिला होता. दोन डबे संपवले. डब्यावरचा मजकूर नंतर वाचला तर एका मापात लोह लाल गोळीच्या जवळपासही नव्हतं. त्या पैशांत अंडी, शेंगदाणे, डाळ आली असती.

बाळंतपणानंतर घरातल्या सगळ्यांचं लक्ष बाळाकडे गेलं आणि गोळ्या मागे पडल्या. आशाताई सातव्या दिवशी आल्या, पाकीट मागितलं, शिल्लक गोळ्या मोजल्या. बाळंतपणानंतरही १८० दिवस लाल गोळी आणि कॅल्शियम चालू ठेवायचं असतं. अळिवाचे लाडू मीही आवडीने खाल्ले, पण गोळीच्या जागी लाडू चालत नाही.

लेकीला जन्मल्यावर के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मिळालं, मग ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज ४०० युनिट. इथे जपा. पहिल्या बाटलीत १ मिलीमध्ये ४०० युनिट होते. दुसरी बाटली औषधाच्या दुकानातून वेगळ्या कंपनीची आली, तिच्यात १ मिलीला ८००. लेबल वाचलं म्हणून अर्धा मिली दिला. सहा महिने पूर्ण झाल्यावर लोहाचं सिरप, आठवड्यातून दोनदा १ मिली. आम्ही बुधवार-शनिवार धरलेत. पुढच्या दातांवर डाग पडू नयेत म्हणून मी जिभेच्या मागच्या बाजूला सोडते. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर अ जीवनसत्त्वाचा १ लाख युनिटचा डोस झाला. ती चव तिला अजिबात आवडली नाही.

एकच प्रसंग आठवला की अजून पोटात गोळा येतो. लेक अकरा महिन्यांची, धरून धरून उभी राहायची. खाटेखालच्या पिशवीतून तिने माझं उरलेलं पाकीट काढलं. एक गोळी फोडून मुठीत धरलेली, लाल चकचकीत, वरून गोड, अगदी चॉकलेटच्या गोळीसारखी. तोंडात घालायच्या आत जाऊबाईंनी मूठ उघडली. या गोळ्या लहान मुलाने चार-सहा गिळल्या तर जिवावर बेतू शकतं. आमची औषधं आता वरच्या फळीवर कुलपाच्या डब्यात असतात, आणि किल्ली सासूबाईंच्या कनवटीला.

सोळाव्या महिन्यात तिचा अ जीवनसत्त्वाचा पुढचा डोस आहे, २ लाख युनिटचा. त्याच दिवशी धाकट्या नणंदेलाही उपकेंद्रात घेऊन जाणार आहे. तिचा दुसरा महिना चालू आहे, आणि ती फॉलिक ॲसिड चहाबरोबर घेत नाही.