आठवीपासून खेळाच्या शिष्यवृत्तीची तयारी करून देणारी सशुल्क सेवा : दोन वर्षांच्या वापरानंतर

अमेरिकेत शालेय खेळाडूंची महाविद्यालयीन प्रशिक्षकांशी गाठ घालून देणाऱ्या अनेक कंपन्या आहेत. त्यांपैकी एकीची दोन वर्षांची सदस्यता आम्ही २०२३ च्या वसंत ऋतूत २,४०० डॉलर भरून घेतली. तेव्हा आमची मुलगी आठवीत होती आणि क्लबकडून सॉकर खेळत होती. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण क्लबातील इतर पालकांशी बोलल्यावर या तक्रारी एकाच कंपनीपुरत्या नाहीत असे दिसले.

विक्री प्रतिनिधीचे पहिलेच वाक्य ‘तुम्हाला तसा उशीरच झाला आहे’ असे होते. पुराव्यादाखल त्याने २०१० मधली गोष्ट सांगितली : डेव्हिड सिल्स या अवघ्या १३ वर्षांच्या क्वार्टरबॅकला (अमेरिकन फुटबॉलमधील चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला) सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक लेन किफिन यांनी शिष्यवृत्ती देऊ केली आणि मुलाने ती तत्काळ स्वीकारली. गोष्ट खरी आहे, पण तिचा उत्तरार्ध त्या सादरीकरणात नव्हता. किफिन यांना २०१३ मध्ये पदावरून काढण्यात आले, सिल्स अखेर वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात गेला आणि तेथे नावारूपाला आला तो चेंडू फेकणारा म्हणून नव्हे, तर झेलणारा म्हणून.

या वयातील ‘ऑफर’ म्हणजे नेमके काय, हे पैसे भरण्यापूर्वी आम्ही समजून घ्यायला हवे होते. ती केवळ तोंडी असते आणि प्रशिक्षक, विद्यापीठ किंवा खेळाडू यांपैकी कोणालाही बांधून ठेवत नाही. शिष्यवृत्तीचा लेखी प्रस्ताव बारावीच्या वर्षातील १ ऑगस्टपूर्वी देता येत नाही. त्यामुळे आठवीत ‘कमिट’ झालेल्या, म्हणजे तोंडी होकार दिलेल्या मुलीला तीन-चार वर्षे केवळ शब्दावर काढावी लागतात आणि त्या काळात प्रशिक्षक बदलतो, गुडघा दुखावतो, उंची वाढते किंवा थांबते. तरीही ही प्रथा मुलींच्या सॉकर, सॉफ्टबॉल आणि लॅक्रोस (जाळीच्या काठीने चेंडू खेळण्याचा खेळ) यांमध्ये चांगलीच रुजली होती. प्रशिक्षकाने लहान खेळाडूला स्वतः फोन करण्यास बंदी असली, तरी खेळाडूने केलेला फोन त्याला उचलता येत असे. म्हणून क्लबचा प्रशिक्षक मध्ये पडून ‘संध्याकाळी सात वाजता अमक्यांना फोन कर’ असा निरोप मुलीला देई आणि नियमाचे शब्द पाळूनच त्याचा हेतू मोडला जाई.

ही पळवाट एनसीएएने, म्हणजे अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संघटनेने, आता बरीचशी बुजवली आहे. लॅक्रोससाठी २०१७ मध्ये आणि सॉफ्टबॉलसाठी २०१८ मध्ये अकरावीच्या वर्षातील १ सप्टेंबर ही सीमा ठरली. सॉकरसह इतर बहुतेक खेळांसाठी २०१९ मध्ये दहावीनंतरचा १५ जून हा दिवस ठरला. एनसीएएच्या तीन श्रेणींपैकी पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयांतील प्रशिक्षकांना त्याआधी खेळाडूशी भरतीविषयी बोलता येत नाही, मग फोन कोणीही करो. म्हणजे आम्हाला ‘उशीर’ झाल्याचे सांगणारा प्रतिनिधी चार वर्षांपूर्वी बदललेल्या जगाचे वर्णन करत होता.

सेवेच्या दैनंदिन कामातही हाच दोष जाणवला. तिच्या संकेतस्थळावर मुलीचे पान तयार झाले आणि सुमारे १८० प्रशिक्षकांना एकाच साच्यातील ईमेल गेल्या. त्यानंतर ‘प्रशिक्षकांचे प्रतिसाद’ या रकान्यातील आकडा दर आठवड्याला वाढू लागला आणि आम्ही खुळ्यासारखे हरखलो. ते सारे प्रतिसाद म्हणजे उन्हाळी शिबिरांची निमंत्रणे आणि छापील प्रश्नावल्या होत्या. नियमानुसार या दोन गोष्टी कोणत्याही वयाच्या खेळाडूला पाठवता येतात, आणि शिबिराचे शुल्क पालकच भरतात. त्यांची मोजणी ‘प्रतिसाद’ म्हणून करणे ही चूक नसून दिशाभूल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जमेची बाजूही नोंदवली पाहिजे. खेळाची चित्रफीत संपादित करणाऱ्याचे काम उत्तम होते. चेंडू पायाशी नसताना मुलगी कुठे उभी राहते, हे दाखवायचे त्याला सुचले, जे आम्हाला कधीच सुचले नसते. पहिल्या वर्षी नेमून दिलेल्या सल्लागार बाई स्वतः महाविद्यालयात खेळलेल्या होत्या आणि त्यांच्याशी झालेले चाळीस मिनिटांचे एक संभाषण उरलेल्या सेवेपेक्षा मोलाचे ठरले. पहिल्या श्रेणीत खेळण्याच्या पात्रतेसाठी १६ मुख्य विषय लागतात, त्यांपैकी १० बारावी सुरू होण्यापूर्वी पूर्ण व्हावे लागतात आणि त्यांची मोजणी नववीपासूनच सुरू होते, म्हणून आठवीत करण्याजोगे खरे काम म्हणजे नववीचे विषय नीट निवडणे, हे त्यांनीच समजावले. आयव्ही लीगमधील (हार्वर्ड, येल आदी आठ विद्यापीठांच्या गटातील) आणि तिसऱ्या श्रेणीतील महाविद्यालये खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. आमच्या यादीतील जवळजवळ निम्मी नावे त्याच गटांतली निघाली. दुसऱ्या वर्षी त्या कंपनी सोडून गेल्या आणि त्यांच्या जागी आलेले गृहस्थ मुलीला मैदानातील भलत्याच जागेवरची खेळाडू समजत राहिले.

माहितीपुस्तिकेबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही, कारण ती जुनी होती. ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ हा खेळाडूला एका महाविद्यालयाशी बांधणारा १९६४ पासूनचा करार ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झाला, तरी पुढच्या मे महिन्यातही तिच्यात त्यावर सही कशी करावी याचे प्रकरण होते. महिला सॉकरसाठी १४ शिष्यवृत्तींची मर्यादाही तशीच छापलेली राहिली. एनसीएएविरुद्धच्या खटल्यात ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, तीत सामील झालेल्या महाविद्यालयांसाठी ती मर्यादा जाऊन संघात जास्तीत जास्त २८ खेळाडू अशी मर्यादा आली आहे.

शुल्क आगाऊ घेतले जाते, याबद्दल मात्र कंपनीला दोष देता येणार नाही. मिळालेल्या शिष्यवृत्तीवर अवलंबून असलेला मोबदला एनसीएएच्या नियमात बसत नाही आणि त्यामुळे खेळाडूची पात्रता धोक्यात येऊ शकते. ‘शिष्यवृत्ती मिळाली तरच पैसे द्या’ असे सांगणाऱ्यापासून दोन हात दूर राहिलेले बरे.

ज्यांच्या क्लबात महाविद्यालयीन भरतीची माहिती असलेले कोणी नाही, त्यांनी दहावीच्या सुरुवातीला केवळ चित्रफीत आणि सल्ला विकत घ्यावा. आठवीतील मुलासाठी पूर्ण सदस्यता घेऊ नये. पाचपैकी दोन तारे देत आहे, आणि त्यांतला एक त्या बाईंचा आहे.

२०२५ च्या १५ जूननंतर मुलीला तीन प्रशिक्षकांनी लिहिले. दोघांना तिने स्वतः ईमेल पाठवल्या होत्या, तर तिसऱ्यांनी तिला क्लबच्या स्पर्धेत पाहिले होते. सदस्यता वाढवण्यासाठी आलेल्या पत्रात कंपनीने हे तिन्ही संपर्क आपल्या सेवेची फलश्रुती म्हणून मांडले आहेत. आम्ही ती वाढवलेली नाही.