सापाच्या टबाला ऊब: मॅट, बल्ब की कपाट?

हिंगणघाटकडच्या आमच्या खेड्यात डिसेंबरच्या शेवटी पहाटे पारा ८-१० अंशांवर येतो. टिनाच्या छपराखालची माझी खोली तेव्हा १५ च्या आसपास असते. मी प्लास्टिकच्या टबात पाळतो तो बॉल पायथन, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. त्याला टबाच्या एका टोकाला ३१-३२ अंश लागतात, दुसऱ्या टोकाला २५-२६. म्हणजे आपल्याला ऊब पुरवायची ती वर्षातले दोन-अडीच महिने, तीही मुख्यतः रात्री. मे महिन्यात उलटी चिंता असते, तेव्हा सापाला कूलरच्या खोलीत न्यावं लागतं. म्हणून बारा महिने चालणारा महागडा हीटर घ्यायची आपल्याकडे गरजच नाही.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो. नाग, धामण, मांडूळ, आपला अजगर यांना घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. बॉल पायथनचीही २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. कागद नसतील तर हे पुढचं वाचून उपयोग नाही.

गावात पहिला सल्ला मिळतो तो बल्बचा. कोंबडीच्या पिल्लांवर १०० चा पिवळा बल्ब टांगतातच की! पण पिल्लांना गरम झालं तर ती बाजूला पळतात, आणि वर मोकळी हवा असते. टबात तसं नसतं. जळत्या बल्बची काच १०० अंशांच्या वर जाते, तिच्याजवळचं झाकण मऊ होऊन वाकतं, आणि साप उबेसाठी बल्बलाच वेटोळं घालतो. पोटाखालून मिळणारी उष्णता भाजण्याइतकी झाली तरी साप बहुतेकदा हलत नाही, खवले लाल पडेपर्यंत पडून राहतो. बल्ब लावायचाच तर झाकणात मोठी जाळी बसवून, बाहेरून आणि उंचावर. मग मात्र टबातली हवा कोरडी पडते. आमच्या हिवाळ्यात हवा आधीच सुकी, त्यात कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवर अडकून राहते.

सिरॅमिक हीटर म्हणजे बिनउजेडाचा बल्बच. रात्री सापाला उजेडाचा त्रास नाही, एवढीच सुधारणा. त्याचा पृष्ठभाग बल्बपेक्षाही तापतो आणि त्याला चिनीमातीचा होल्डर लागतो, प्लास्टिकचा वितळतो. काचेच्या मोठ्या पेटीवर ठीक आहे. प्लास्टिकच्या टबासाठी मी तो बाद धरतो.

राहिली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, टबाखाली ठेवायची. ७ ते १४ वॅटची, तळाचा एक तृतीयांश भाग झाकेल एवढी. चोवीस तास चालली तरी १४ वॅटला दिवसाला साधारण एक तृतीयांश युनिट. टबातली ओल टिकते. टब शक्यतो पॉलिप्रॉपिलीनचा घ्या, बुडाला त्रिकोणात ५ आकडा असतो. १ आकड्याचं प्लास्टिक ७०-७५ अंशांनाच नरम पडतं. मॅटखाली घोंगडी अंथरू नका आणि टब थोडा उचलून ठेवा, नाहीतर उष्णता कोंडते.

मॅट स्वस्त आहे, ठरल्या तापमानाला ती बंद-चालू करणारा थर्मोस्टॅट मात्र लोक टाळतात. 'पंख्याचा रेग्युलेटर लावून घे, काम भागतं,' असं आमच्या वायरमनभाऊंनीही सांगितलं होतं. मी तसंच केलं होतं. संध्याकाळी सात वाजता मीटर लावला तर व्होल्टेज १८५. रेग्युलेटर फिरवून तळ बरोबर ३२ ला आणला, समाधानानं झोपलो. रात्री शिवारातले पंप बंद झाले आणि व्होल्टेज चढलं २५५ वर. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं वाढते, म्हणजे त्याच खुणेवर जवळजवळ दुप्पट. पहाटे उठलो तर साप गार टोकाला, नाक झाकणाच्या फटीला लावून बसलेला, आणि टबाच्या बुडाला हात लावला तो झटकन मागे घेतला. शहरात रेग्युलेटरवर निभावतही असेल. शेतीच्या लाइनवर नाही.

तेव्हा पैसे थर्मोस्टॅटवर घाला. एसटीसी-१००० सारखा साधा कंट्रोलर पुरतो, चालू आणि बंद होण्यातला फरक अर्ध्या अंशावर ठेवायचा. त्याचा सेन्सर मॅट आणि टबाच्या बुडाच्या मध्ये चिकटवा, टबाच्या आत नाही. आत ठेवला की साप तो सरकवतो, किंवा त्यावर मुततो. सेन्सरला वाटतं गार आहे, आणि मॅट चालूच राहते. कंट्रोलर अडकून बसला तरी साप भाजू नये म्हणून मॅट कमी वॅटचीच बरी. रिकामा टब दोन दिवस चालवून, वेगळ्या थर्मामीटरनं तपासून, मगच साप आत सोडा. सापाला हात लावणारा डॉक्टर आमच्यापासून नागपूरलाच, त्यामुळे ही दोन दिवसांची कळ सोसा.

मॅटची एक उणीव खरी आहे. ती तळ तापवते, हवा नाही. माझ्या खोलीत तळ ३१ असताना टबातली हवा १८ वरच घुटमळत होती. अशा हवेत सापाच्या पोटातलं भक्ष्य नीट पचत नाही, नाकातून बुडबुडे यायला लागतात. त्यावर काही जण भंगारातला फ्रीज सुचवतात, अंडी उबवायला करतात तसा. अंड्यांना तो उत्तम, कारण सगळीकडे एकच तापमान लागतं. सापाला दोन लागतात, आणि फ्रीजचं दार बंद झालं की हवाही कोंडते. त्यापेक्षा मागे जाळी मारलेलं जुनं लाकडी कपाट घ्या. कपाटातली हवा वेगळा हीटर दुसऱ्या कंट्रोलरला जोडून २५ ला ठेवायची, आणि ३१ चं काम टबाखालच्या मॅटवर सोडायचं. एकच टब असेल तर एवढा खटाटोप नको. टब उंच फळीवर, भिंतीपासून थोडा दूर ठेवून वर घोंगडी टाकली तरी चालतं, फक्त हवेची छिद्रं आणि मॅटची बाजू उघडी ठेवा. चारपाच टब असतील तर कपाटच. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीच नको, तिचा धूर दिसत नसला तरी विषारी वायू असतो, सापाआधी आपणच जाऊ.

लाइट गेली की काय? १ लिटर पाणी ६० अंशांवरून ३० वर येईपर्यंत सुमारे ३५ वॅट-तास उष्णता देतं, म्हणजे १४ वॅटची मॅट अडीच तास. उकळतं पाणी नाही, आणि पाण्याची पातळ बाटली नाही, ती आकसते. रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून टबाच्या बाहेर, गरम टोकाला टेकवायची. पहिल्या रात्री मी आईची गुडघे शेकायची पिशवी उचलली. सकाळी ती शोधत आली अन् म्हणाली, "माणसाले ऊब नाई अन् सापाले पिशवी!" त्याच दिवशी बाजारातून दुसरी आणली.