रिंगांचा दोन खड्ड्यांचा संडास: काळ्या मातीत बसवावा का?

गावठाणाच्या कडेची पत्र्याच्या घरांची वस्ती, घरामागे दहा-बारा फूट जागा. अशा ठिकाणी सिमेंटच्या तयार रिंगांचा संडास सोयीचा पडतो. वस्तूला पाचपैकी चार गुण. बसवणाऱ्यांना दोनच.

खड्ड्याला चार अशा तीन फूट व्यासाच्या आठ रिंगा, दोन झाकणं, मैला या किंवा त्या खड्ड्याकडे वळवणारं चेंबर आणि बसायचं भांडं म्हणजे पॅन, एवढा माल. आधी पॅन बघा. ग्रामीण पॅनचा उतार तीव्र असतो, ट्रॅपमध्ये, म्हणजे पॅनखालच्या वाकड्या नळीत, वास अडवणारं पाणी जेमतेम २० मिमी उभं राहतं, म्हणून दीड-दोन लिटरमध्ये काम भागतं. दुकानदार शहरी पॅन गळ्यात मारतात, तिला बादलीभर पाणी लागतं. नळ आठवड्याने येत असेल तर मे महिन्यात तिथे सरपणच ठेवलं जाणार.

वरची रिंग कोरी, खालच्या तिन्हींना भोकं हवीत. तळाला कोबा अजिबात नको. गवंडी ‘पक्कं करून देतो’ म्हणून हमखास करतो. मग पाणी मुरत नाही, खड्डा काही महिन्यांत तुंबतो आणि शेवटी पाईप गटारीत सोडला जातो. म्हणजे मैला परत पोरांच्या पायाखाली. जंत, हगवण, डास, सगळं होतं तिथेच.

खरी अडचण खानदेशातल्या काळ्या मातीची. ती पावसाळ्यात फुगून भोकं बुजवते, उन्हाळ्यात भेगाळून रिंगा सरकवते. उपाय स्वस्त आहे: खड्डा दोन फूट जास्त रुंद खणायचा आणि रिंगेभोवती फूटभर वाळू व विटांचे रोडे भरायचे. अंदाजपत्रकात नेमकं हेच गाळलेलं असतं.

चेंबरमधून एका वेळी एकच खड्डा चालू ठेवायचा. दुसऱ्याचं तोंड वीट आणि चिखलाने बंद. दोन्ही उघडे ठेवले तर दोन्ही एकदमच भरतात, मग दुसरा खड्डा खणलाच कशाला? सहा माणसांना एक खड्डा साधारण पाच वर्षं पुरतो. भरल्यावर दुसरा चालू करायचा आणि भरलेल्याला दीड-दोन वर्षं हात लावू नये, कारण जंतांची अंडी सर्वांत उशिरा मरतात. त्यानंतर निघतं ते कोरडं, बिनवासाचं खत.

स्वच्छ भारतचं १२,००० रुपये अनुदान मिळतं, पण त्यासाठी फोटो दाराचा निघतो, खड्ड्याचा नाही. रिंगा उतरताना स्वतः उभं राहा. हापसा किंवा विहीर १० मीटरच्या आत असेल, किंवा गिरणा-पांझरेकाठी पावसाळ्यात खड्ड्यात पाणी लागत असेल, तर हा माल घेऊ नका.